माग : बाण सुटल्यानंतरची शिकार

आपल्याकडे दिवाळी होऊन दिवस मार्गशीर्षाकडे सरकू लागतात, त्या सुमारास अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत पानगळ संपत आलेली असते. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या पट्ट्यात मेपलची झाडे बोडकी झालेली असतात, ओकवर तेवढी तपकिरी पाने चिकटून असतात, आणि पहाटे गवतावर दव गोठलेले असते. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज ऐन भरात येतो. एरवी अंधाराच्या आडोशाने वावरणारे नर या दिवसांत माद्यांच्या वासामागे भर उजेडात हिंडतात. झाडांच्या साली शिंगांनी घासलेल्या, जमीन खुरांनी उकरलेली दिसू लागते. आणि जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर झाडाला बांधलेल्या मचाणांवर धनुष्य घेऊन माणसे पहाटेच्या अंधारात चढून बसतात.

शिकारीवरचे बहुतेक लिखाण, आपल्याकडचेही, नेम धरण्याच्या क्षणाभोवती फिरते. श्वास रोखला, चाप ओढला, जनावर कोसळले. धनुष्याच्या शिकारीत हा क्रम टिकत नाही. बाण अगदी जिथे लागायला हवा तिथे लागला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही, ते पळते. कधी पन्नास पावले, कधी दीडशे, आणि नेम चुकला असेल तर मैलभर. बाण लागणे आणि मरण येणे यांच्यामध्ये एक अंतर पडते, वेळेचेही आणि जमिनीचेही. त्या अंतरात जे करावे लागते ती या शिकारीतली खरी विद्या, आणि तिच्यावरचा खरा आक्षेपही तिथेच आहे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. मग एका परक्या मुलखातल्या शिकारीचा एवढा उहापोह कशाला? कारण जखमी हरणाचा माग काढणे ही नुसती शिकाऱ्यांची बाब राहिलेली नाही. अनुमान म्हणजे काय हे समजावताना आपल्या पूर्वजांनी तिचाच दृष्टांत घेतला, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातले पाचसहा शब्द तिच्यापाशी जाऊन पोहोचतात. त्याकडे येऊच. आधी बाण काय करतो ते पाहू.

रायफलची गोळी प्रचंड ऊर्जा घेऊन शरीरात शिरते. हरणाच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफलींची गोळी तीन हजार ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून अधिक ऊर्जेने निघते. आजच्या चांगल्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाकडे शंभराच्या आसपास ज्यूल असतात. बाण धक्क्याने मारत नाही, कापतो. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी दोन, तीन किंवा चार पाती असतात. ती फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेली तर रक्तदाब काही सेकंदांत कोसळतो आणि दहापंधरा सेकंदांत सारे संपते. पुष्कळदा हरणाला नेमके काय झाले हेही उमगत नसावे. बाण आरपार जाऊन मातीत रुतलेला असतो आणि हरीण चार उड्या मारून मागे वळून पाहत उभे राहते. पण तोच बाण वीतभर मागे लागला तर यकृतात जातो, अजून मागे लागला तर जठरात किंवा आतड्यांत. मग तेच मरण काही तासांचे होते.

वीतभराची ही चूक व्हायला शिकारी अडाणीच असावा लागतो असे नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो, बाण तीनशेच्या आत-बाहेर. तीस यार्डांवर, म्हणजे नव्वद फुटांवर उभ्या असलेल्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात ऐकू येतो. बाण पोहोचायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते. तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो, किंवा फुप्फुसांऐवजी वरच्या स्नायूंत शिरतो. म्हणून जाणते शिकारी वीस-तीस यार्डांच्या पलीकडे सहसा बाण सोडत नाहीत, हरीण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ते सावध होऊन कान टवकारून पाहत असेल तर मुळीच सोडत नाहीत. दिवसचे दिवस मचाणावर बसून बाण न सोडताच खाली उतरणे हे या छंदात नित्याचे आहे.

छंद हा शब्द मुद्दामच वापरला. अमेरिकेत धनुष्याची शिकार ही पोटासाठी चालत आलेली अखंड परंपरा नाही. बंदुकीने ती जवळजवळ संपवली होती, आणि ती पुन्हा उभी राहिली त्यामागे एक अतिशय खिन्न करणारी गोष्ट आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एका कत्तलखान्याजवळ एक उपाशी, एकटा आदिवासी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ज्या याही जमातीच्या कत्तली केल्या, तिच्यातला तो शेवटचा. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. त्याने आपले खरे नाव कधीच सांगितले नाही. त्याच्या भाषेत ‘माणूस’ या अर्थाचा जो शब्द होता, ‘इशी’, त्याच नावाने जग त्याला ओळखते. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे शिष्य झाले. धनुष्य कसे घडवायचे, काचेच्या बाटलीच्या तुकड्यातून किंवा ज्वालामुखीच्या काचेतून बाणाचे टोक कसे पाडायचे, दबा धरून कसे बसायचे, हे पोप त्याच्याकडून शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. १९२३ मध्ये पोप यांचे धनुष्याच्या शिकारीवरचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत एक पिढी धनुष्याकडे वळली. ज्या समाजाने एक जमात पुसून टाकली त्यानेच तिच्या शेवटच्या माणसाकडून विरंगुळ्याची विद्या घेतली. शिकारीच्या मासिकांत इशीचा उल्लेख आदराने होतो, पण ही बाजू पुष्कळदा गाळून.

पुढचा इतिहास भरभर सांगण्यासारखा आहे. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. पहिल्या वर्षी नोंद झाली ती एका हरणाची. पर्यावरणविचारात ज्यांचे नाव फार मोठे आहे ते आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवत आणि शिकारीला जात. १९६० च्या दशकात मिसुरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी टोकांना कप्प्या बसवलेले धनुष्य तयार केले. हे धनुष्य पूर्ण ताणले की कप्प्यांमुळे हातावरचा भार एकदम हलका होतो आणि नेम निवांत धरता येतो. त्याने ही शिकार वर्षानुवर्षांच्या रियाजातून बाहेर काढून लाखो लोकांच्या आवाक्यात आणली. दुसरीकडे लांडगे संपले होते, शेते आणि उपनगरे वाढली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज तीन कोटींच्या घरात आहेत. घरांच्या वस्तीजवळ बंदूक चालवता येत नाही. तिथे संख्या आटोक्यात ठेवायला नगरपालिकाच धनुर्धाऱ्यांना बोलावतात.

आता बाण सुटला आहे. पहिले काम म्हणजे काहीही न करणे.

मचाणावरून उतरायचे नाही. हरीण कुठे उभे होते, कोणत्या झाडापाशी शेवटचे दिसले, हे डोळ्यांनी पक्के करायचे. ते पळाले कसे तेही महत्त्वाचे. हृदयाजवळ लागले तर पुष्कळदा मागचे पाय झाडून ते खाली वाकून सुसाट सुटते. पोटात लागले तर पाठीला पोक काढते, शेपटी आवळते आणि पळण्याऐवजी कष्टाने चालत जाते. नंतर कान देऊन बसायचे: फांदी मोडल्याचा आवाज, पाण्यात पडल्याचा आवाज, वाळक्या पानांत कोसळल्याची धप्प. या अर्ध्या तासात शिकारी जे पाहतो-ऐकतो त्यावर पुढचे सारे ठरते, आणि नेमके याच वेळी त्याचे हात थरथरत असतात, डोके ताळ्यावर नसते. म्हणून घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, असे जुने शिकारी सांगतात. थरथरत्या माणसाला पाच मिनिटे अर्ध्या तासाएवढी वाटतात.

मग खाली उतरून बाण शोधायचा. बाण हा पहिला साक्षीदार. त्याच्यावर गुलाबीसर, फेसाळ, बारीक बुडबुड्यांचे रक्त असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून निघायला हरकत नाही, हरीण बहुधा हाकेच्या अंतरावर पडलेले असते. रक्त गडद, काळपट लाल असेल तर यकृत. चार-सहा तास थांबायचे. बाणाला हिरवट-तपकिरी चोथा लागलेला असेल, नाकाजवळ धरल्यावर आंबूस घाण येत असेल, तर जठर किंवा आतडी. मग आठ ते बारा तास. संध्याकाळी लागलेला बाण असेल तर रात्रभर. जमिनीवर केस पडलेले असतात तेही वाचायचे. लांब, राखट-तपकिरी, काळसर टोकांचे केस पाठीकडचे. पांढरे केस पोटाखालचे.

हे थांबणे बाहेरच्या माणसाला क्रूर वाटते. एक जीव तडफडत असताना माणूस घरी जाऊन चहा पितो? पण उलटा हिशेब असा की जखमी हरणाचा पाठलाग झाला नाही तर ते शे-दोनशे यार्डांतच एखाद्या दाट झुडपात बसते, आणि बसल्या जागी मरते. पाठोपाठ पावले वाजली की ते उठते. मग भीती त्याला जखमेपलीकडे पळवते. पोटाच्या जखमेतून रक्त फारसे गळत नाही, चरबी आणि आतडी भोक बुजवतात, माग तुटतो, आणि ते कुणालाही न सापडता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरते. घाईतली दया इथे त्याचे हाल वाढवते. हे पटले तरी निर्णय सोपा होत नाही, कारण थांबण्याचेही मोल आहे. पाऊस आला तर रक्त धुऊन जाईल. बर्फ पडले तर झाकले जाईल. रात्र उबदार असेल तर मांस नासेल, आणि कायोटी म्हणजे तिथले कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीचे प्राणी आधी पोहोचतील. आभाळाकडे पाहत, बाण पुन्हा पुन्हा नाकाशी नेत माणसाला ठरवावे लागते.

माग काढायला दोघे-तिघे पुरे; गर्दी झाली तर खुणा पायदळी जातात. मागावरून चालायचे नाही, त्याच्या कडेने चालायचे. रक्ताचा प्रत्येक ठिपका सापडला की तिथे कागदाचा कपटा किंवा रंगीत फीत अडकवायची, आणि पुढचा ठिपका सापडेपर्यंत एकाने त्या कपट्यापाशीच उभे राहायचे. दहा-पंधरा कपटे झाले की मागे वळून पाहायचे. ठिपक्यांत जी दिशा दिसत नव्हती ती कपट्यांच्या रांगेत दिसते. चालत्या जनावराचा थेंब तिरपा पडतो आणि त्याचे शिंतोडे पुढच्या बाजूला उडतात, म्हणून एकेका थेंबालाही दिशा असते. गोल थेंब एकाच जागी बरेच पडले असतील तर हरीण तिथे उभे राहिले होते. रक्त जमिनीवर नसून गवताच्या काडीवर, झाडाच्या बुंध्यावर मांडीच्या उंचीवर पुसलेले असेल तर जखम केवढ्या उंचीवर आहे ते कळते; दोन्ही बाजूंना असेल तर बाण आरपार गेला आहे.

उत्तर हेमंतातल्या या रानाची एक खास खोड आहे. गळलेल्या मेपलच्या आणि सुमॅकच्या पानांवर आपोआपच लाल ठिपके असतात, आणि विजेरीच्या उजेडात ते हुबेहूब रक्तासारखे दिसतात. बोट ओले करून चोळून पाहावे: रक्त पसरते, पानाचा डाग पसरत नाही. काहीजण हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणी करतात; रक्तातल्या विकरामुळे त्याचा पांढरा फेस येतो. पाने पळत्या खुरांनी उलटतात, तेव्हा थेंब खालच्या बाजूला गेलेला असू शकतो; ओलसर काळी बाजू वर आलेले पान हीच तिथली खूण.

पण या सगळ्यापेक्षा कठीण असते ते दिसत असलेल्या पुराव्याचा अर्थ लावणे. सुरुवातीला भडक लाल रक्ताचा सडा पडलेला पाहून नवखा हरखतो. शंभर पावलांवर तो सडा थेंबांवर येतो, दोनशेवर संपतो. ती नुसती स्नायूंची जखम असते; असे हरीण बहुधा वाचते. उलट, बाण उंचावर लागून आत अडकला तर रक्त छातीच्या पोकळीत साठत राहते आणि पहिली पन्नास-साठ पावले जमिनीवर टिपूसही दिसत नाही. बाण लागलाच नाही असे म्हणून माणूस घरी जातो, आणि हरीण टेकाडापलीकडे मरून पडलेले असते.

आता ते शब्द. ‘माग काढणे’ हा आपला साधा वाक्प्रचार. माग हा शब्द प्राकृत ‘मग्ग’वरून, तो संस्कृत ‘मार्ग’वरून. आणि मार्ग या शब्दाचा कोशांत दिलेला एक जुना अर्थ म्हणजे रानातल्या जनावराची वाट, मृगाचा माग. शब्दाचे नातेही ‘मृग’शी. मृग म्हणजे आधी हरीण की आधी ‘ज्याचा शोध घेतात ते’, यावर पंडितांत मतभेद आहेत, पण मृगया आणि शोध यांचा धातू एक हे उघड आहे. ‘मार्गण’ या शब्दाला तर दोन अर्थ: शोध आणि बाण. अमरकोशाने तो बाणाच्या नावांत दिला आहे. आपले ‘मागणे’ त्याच घराण्यातले, ‘मागे’ही. दुकानात जाऊन आपण काही मागतो, कुणाच्या मागे लागतो, मार्ग विचारतो. प्रत्येक वेळी आपण नकळत एका हरणाच्या पावलांवर असतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, जिथे न्यायदानाचा विषय आहे, तिथे चव्वेचाळिसावा श्लोक या विद्येवर आहे. पारधी जसा सांडलेल्या रक्तावरून मृगाचे ठिकाण गाठतो तसे राजाने अनुमानाने धर्माचे ठिकाण गाठावे, अशा आशयाचा तो दृष्टांत आहे. त्या ग्रंथाबद्दल आपले मत काहीही असो, आणि माझे फारसे अनुकूल नाही, ही उपमा वापरणाऱ्याने माग काढताना कुणाला तरी जवळून पाहिले असले पाहिजे. न्यायाधीशाला घटना दिसत नाही. त्याच्यासमोर असतात ते ठिपके, मधे मोकळ्या जागा सोडून पडलेले. मोकळी जागा आपल्या इच्छेने भरली तर माग भलतीकडे जातो. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ मध्ये एका गाजलेल्या निबंधात हाच धागा पुढे नेला. शेरलॉक होम्स, फ्रॉइड आणि चित्रांतल्या कानांच्या पाळ्यांवरून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली यांची पद्धत मुळात शिकाऱ्याची आहे, असे सांगून ते एक सुंदर शक्यता मांडतात. गोष्ट सांगण्याची कल्पनाच कदाचित शिकाऱ्याला प्रथम सुचली असेल, कारण मुक्या खुणांच्या रांगेतून सलग घटना वाचायला तोच शिकला होता. दक्षिण आफ्रिकेचे लुई लिबेनबर्ग यांनी कालाहारीतल्या सान शिकाऱ्यांबरोबर राहून १९९० मध्ये त्याहून धाडसी दावा केला: विज्ञानाची सुरुवात माग काढण्यात आहे. सानांचे बाण हलके असतात. मारते ते किड्याच्या अळीपासून काढलेले विष, आणि मोठ्या जनावरावर त्याचा अंमल पुरा व्हायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. म्हणजे तिथेही बाण आणि मरण यांच्यात तेच अंतर, आणि ते ओलांडायला तर्क करायचा, तो पुढच्या खुणेवर पारखायचा, चुकला तर टाकून द्यायचा.

महाराष्ट्रात माग हा शब्द शतकानुशतके कायद्यातही होता. गावात चोरी झाली की जागल्या-रामोशी चोराच्या पावलांचा माग काढी. माग पुढच्या गावच्या शिवेत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावच्या रखवालदारावर पडे. त्याने माग आपल्या शिवेबाहेर काढून द्यावा, नाहीतर चोर द्यावा किंवा नुकसान भरावे. अमेरिकेत आज नेमके उलटे आहे. जखमी हरीण शेजाऱ्याचे कुंपण ओलांडून गेले तर बहुतेक राज्यांत शिकाऱ्याला परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, आणि शेजारी शिकारीविरुद्ध असेल तर तो नाही म्हणू शकतो. त्याच्या दृष्टीने ते तत्त्वाला धरून असते. पण कुंपणापलीकडे पडलेल्या हरणाचे त्या तत्त्वाने काय भले होते, हे मला उमगलेले नाही.

आक्षेपाकडे वळू. मेरीलँडमधल्या नौदलाच्या एका तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुर्धाऱ्यांच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवली गेली. आधुनिक धनुष्यांनी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे सापडली नाहीत. त्यातली सगळीच मेली असतील असे नाही. पण सराव असलेल्या, परीक्षा दिलेल्या शिकाऱ्यांची ही आकडेवारी. इतरत्र केलेल्या जुन्या पाहण्यांत आकडे याहून बरेच मोठे आहेत. जर्मनीच्या शिकार कायद्याने हरणावर बाण सोडायला बंदी केली आहे ती याच कारणाने, इंग्लंडमध्येही बंदी आहे. अमेरिकन शिकारी म्हणतात, गोळीनेही जखमी होऊन हरणे हरवतात, मोटारींखाली सापडून तर असंख्य. आणि भुकेने, बर्फात, लांडग्याच्या दातांत येणारे मरण यापेक्षा सौम्य नसते. खरे आहे. पण पाचांतले एक हरवते, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. तीन कोटी हरणांच्या देशात शिकार नको म्हणणे मला शक्य वाटत नाही. बाण सोडण्याचा अधिकार मात्र माग काढण्याच्या पात्रतेवर द्यावा असे वाटते. परीक्षा नेमबाजीची घेतली जाते, आणि ती पुरेशी नाही.

गंमत अशी की बाणाला बंदी करणाऱ्या जर्मनीकडेच या दुखण्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. तिथे जखमी जनावराचा शोध हे स्वतंत्र शास्त्र आहे, ‘नाखझूखं’ म्हणजे नंतरचा शोध, आणि त्यासाठी हानोफर व बव्हेरियाचे खास जातिवंत कुत्रे पिढ्यानपिढ्या घडवले गेले. शिकाऱ्यांच्या भाषेत रक्ताला ‘घाम’ म्हणतात, म्हणून हे घामाचे कुत्रे. असा कुत्रा दोरीवर बांधलेला असतो, धावत सुटत नाही. आणि तो रक्त हुंगत जातो ही समजूतही अपुरी आहे. हरणाच्या खुरांच्या फटीत एक ग्रंथी असते. प्रत्येक पावलाला तिचा स्राव जमिनीला लागतो, आणि दर हरणाचा वास निराळा. रक्त थांबले, बारा तास उलटले, दहा हरणे त्यावरून चालून गेली, तरी मुरलेला कुत्रा त्या एका जखमी हरणाची पावले सोडत नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडे मात्र हरणामागे कुत्रा नेणे हाच गुन्हा होता. त्याला कारण होते: पूर्वी कुत्र्यांच्या झुंडींनी हरणे पळवून मारली जात, ते थांबवायला कायदे झाले. त्या कायद्यांनी दोरीवरचा कुत्राही बंद झाला. न्यूयॉर्क राज्यात १९७० च्या दशकात काहीजणांनी प्रायोगिक परवाना काढून, आखूड पायांचे, खरखरीत केसांचे डॅक्सहुंड घेऊन काम सुरू केले. १९८६ मध्ये तिथे कायदा बदलला. पेनसिल्व्हेनियाला त्यासाठी २०१८ उजाडावे लागले. आज या हंगामात कुत्रेवाल्यांचे फोन रात्रभर वाजतात. ते आधी एकच विचारतात: किती वेळ झाला, आणि तुम्ही तिथे किती हिंडलात?

रात्रीच्या अशा शोधात कुणी मान वर केली तर नोव्हेंबरमध्ये आठच्या पुढे पूर्वेला मृग नक्षत्र दिसते. ग्रीकांनी त्या ताऱ्यांत शिकारी पाहिला, आपण हरीण. चार तारे त्याचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे पोटात शिरलेला बाण. ऐतरेय ब्राह्मणात मृगरूप घेतलेल्या प्रजापतीला रुद्राने मारलेला तो तीन कांडांचा बाण आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ ठरवायला याच कथेचा आधार घेतला. बाण पोटात आहे हे शिकाऱ्याला चटकन जाणवेल. आणि व्याध त्याच्या पाठोपाठ येत नाही. महाराष्ट्रातून पाहिले तर तो त्या तीन ताऱ्यांच्या मागून दीडेक तासाने उगवतो.

शोध कधी थांबवायचा, याला नियम नाही. अनेक राज्यांचा कायदा वाजवी प्रयत्न केला पाहिजे एवढेच म्हणतो, आणि वाजवी म्हणजे किती ते ज्याचे त्याने ठरवायचे. आफ्रिकेतल्या परवान्याच्या शिकारीत रक्त दिसले की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे भरावे लागतात. अलास्काच्या काही भागांत जखमी होऊन निसटलेले अस्वलही शिकाऱ्याच्या वाट्यातले धरले जाते. हरणांच्या बाबतीत असा नियम बहुधा नसतो. न सापडलेल्या हरणानंतर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मचाणावर चढला तर त्याला कुणी अडवत नाही. तरीही असे शिकारी आहेत की जे आपला त्या वर्षीचा परवाना स्वतःच खर्ची टाकतात आणि धनुष्य खुंटीला लावतात. रक्त संपल्यावर ते नकाशावर चौकोन आखून ओढ्याकाठची दाटी, पडलेल्या झाडांचे आडोसे एकेक करून पालथे घालतात. तेही संपले की तिसऱ्या दिवशी सकाळी उंचवट्यावर उभे राहून कावळे कुठे उतरताहेत ते पाहतात.